सायकलला लेडीज-जेंट्स म्हणू नका, दांडीची उंची सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू होण्याच्या सुमारास आणि दिवाळीच्या तोंडावर सायकल खरेदीबद्दल वर्तमानपत्रांत हमखास मजकूर येतो. गिअर किती, टायर केवढा जाड, ब्रेक डिस्कचा की साधा, हे सगळे त्यात असते. फ्रेमबद्दल मात्र दोनच शब्द: लेडीज, म्हणजे बिनदांडीची, आणि जेंट्स, म्हणजे सीटपासून हँडलपर्यंत आडवी दांडी असलेली. मुंबईत सायकली जोडून आणि दुरुस्त करून देणारे म्हणून आमची विनंती आहे, की हे दोन शब्द आता सोडावेत. चालवताना तोल सांभाळणारा माणूसही चढता-उतरताना दांडीला पाय अडकून पडतो, आणि ती दांडी त्याच्या गळ्यात केवळ या दोन शब्दांमुळे पडलेली असते.

दांडी काढली गेली ती झग्यांसाठी. 1885 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीने दोन जवळपास सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली ‘रोव्हर’ आणली. त्यानंतर थोड्याच वर्षांत बायकांना पायघोळ झग्यात बसता यावे म्हणून मधली नळी खाली वाकवलेल्या सायकली आल्या. म्हणजे फरक कपड्यांचा होता, अंगाचा नव्हे. आपल्याकडे काष्ट्याच्या नऊवारीला दांडी तितकीशी आडवी येत नाही, पाचवारीला येते. लुंगीलाही येते, आणि पावसाळ्यात पोटरीपर्यंत लोंबणाऱ्या रेनकोटला तर येतेच.

आता मापाचे बोलू. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, टाचांमध्ये वीतभर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर सरकवा, भिंतीवर खूण करा आणि जमिनीपासून मोजा. ही तुमच्या पायाची आतली उंची. दुकानात सीटच्या टोकापुढे चार बोटांवर दांडीची जमिनीपासूनची उंची मोजा. सपाट रस्त्याला पायाची उंची दांडीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त असली की पुरते. पण एक पाय पेव्हर ब्लॉकवर आणि दुसरा उखडलेल्या खड्ड्यात टेकवावा लागेल अशा आपल्या रस्त्यांवर आम्ही 5 सेंटिमीटर धरायला सांगतो. जुन्या धाटणीच्या 28 इंची चाकाच्या, 22 इंची फ्रेमच्या सायकलची दांडी 80 सेंटिमीटरच्या आसपास असते. पायाची आतली उंची 74-75 सेंटिमीटर असलेला माणूस सिग्नलला त्या दांडीवरच टेकतो किंवा सायकल एका अंगाला कलती करून उभा राहतो. मागून बस रेटत असताना दोन्ही गोष्टी वाईट.

बिनदांडीच्या फ्रेमला वेगळे माप लागते: नळीचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून किती वर आहे ते. खूप खाली वाकवलेल्या फ्रेममध्ये हे साधारण 30 ते 40 सेंटिमीटर असते, तिरप्या नळीच्या मधल्या प्रकारात 50-60 पर्यंत. गुडघा किंवा कंबर धरणाऱ्यांसाठी एक सोपी चाचणी आहे. इमारतीच्या जिन्याची पायरी बहुधा 15 ते 17 सेंटिमीटरची असते. कठड्याला हात न लावता, एक पायरी सोडून दुसरीवर पाय ठेवता आला तर 30 सेंटिमीटरची फ्रेम आरामात चालेल. तेही जड जात असेल तर मधला प्रकार घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणो ‘होईल सवय’. साठी ओलांडलेल्या किती तरी पुरुषांची सायकल गुडघ्यांमुळे नाही, ‘लेडीज सायकल कशी चालवू’ या संकोचामुळे सुटते. नेदरलँड्समध्ये आजोबाही खाली वाकलेल्या नळीची सायकल बिनदिक्कत चालवतात.

दांडीचे खरे काम मजबुतीचे आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. त्रिकोणाची एखादी बाजू लांब किंवा आखूड झाल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही, म्हणून दोन त्रिकोणांसारखी बांधलेली फ्रेम कमी लोखंडात ताठ राहते. वरची नळी काढली की हँडलकडचा सगळा पीळ खालच्या एका नळीवर येतो. म्हणून ती जाड करावी लागते किंवा जोडीला दुसरी नळी द्यावी लागते, आणि वजन वाढते. डबेवाले आणि कॅन लावणारे दूधवाले दांडीच्या जड सायकली वापरतात, त्यामागे हे कारण आहे. फ्लायओव्हरवर उभे राहून जोर लावणाऱ्यालाही दांडीची फ्रेम कमी लवचते.

पण ओझ्याचीच दुसरी बाजू दुकानात कोणी सांगत नाही. कॅरिअरवर गोणी, मोठी पिशवी किंवा मुलाची सीट असेल तर मागून टांग टाकून बसता येत नाही. पाय दांडीवरून पुढूनच न्यावा लागतो. त्यासाठी सायकल स्वतःकडे कलती करावी लागते, आणि मागे 15-20 किलो असले की कलती सायकल हातातून जाते. अशा वेळी बिनदांडीची फ्रेमच सुरक्षित. रोज मुलाला शाळेत सोडणाऱ्या आई-बाबांनी, दोघांनीही, हीच घ्यावी. दांडीवर मूल बसवण्याची सवय तर मोडायलाच हवी. मुलाचा पाय आऱ्यांत जातो आणि हँडल पुरते वळत नाही.

बिनदांडीच्या सायकलवर ओझे असताना हँडल थरथरते अशी तक्रार येते. दोष नेहमी फ्रेमचा नसतो. ओझे मागच्या चाकाच्या एक्सलच्या मागे लोंबत असेल तर ते पुढे घ्या, शक्यतो दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत खाली वाटून. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलच्या मुळाशी ‘टक्’ जाणवले तर बेअरिंग ढिले आहे. टायरमधली हवा बघा. एवढे करूनही थरथर राहिली तर त्या फ्रेमला ते ओझे झेपत नाही. कॅरिअरवर कोरलेली क्षमता, बहुधा 25 किलो, ही कॅरिअरची असते, फ्रेमची नव्हे.

आमच्या अनुभवात बिनदांडीच्या फ्रेमचा सगळ्यात मोठा घात सीटच्या नळीवर होतो. यात सीटखालची उभी नळी वरच्या टोकाला एकटीच उभी असते, तिला दांडीचा आधार नसतो. त्यात फ्रेम आखूड आणि माणूस उंच. मग सीट पोस्ट, म्हणजे सीट ज्यावर बसते तो नळीत सरकणारा दांडा, वर ओढला जातो, त्यावर कोरलेली आडवी रेघ दिसू लागते, आणि तरीही सायकल चालतच राहते. ती रेघ फ्रेमच्या आत राहिलीच पाहिजे. ती बाहेर आली की प्रत्येक खड्ड्याचा हिसका पहारीसारखा नळीच्या काठावर बसतो. आधी काठाजवळचा रंग केसाएवढा फुटतो, त्यातून तांबूस रेघ उतरते, मग नळी उकलते. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली नेल्यावर पाय सरळ होतो, ती सीटची उंची. त्या उंचीला रेघ दिसत असेल तर पोस्ट नव्हे, फ्रेमचे माप बदला.

वरळी, माहीम, वर्सोवा अशा खाऱ्या वाऱ्याच्या भागात आणखी एक काम करा. जूनच्या आधी आणि ऑक्टोबरमध्ये सीट पोस्ट पूर्ण काढून पुसा आणि ग्रीस लावून परत बसवा. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट असेल तर दोन धातू एकमेकांना असे धरतात, की वर्षभराने हातोडीनेही हलत नाहीत. भर पावसात चालवल्यावर पोस्ट काढून सायकल उलटी धरा, नळीत साचलेले पाणी निथळेल. हँडलखालच्या सांध्याच्या खालच्या बाजूला तडा दिसला तर सायकल लगेच थांबवा. लोखंडी फ्रेम जाणकार कारागीर पितळेने जोडू शकतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला रस्त्यावरच्या वेल्डिंगवर सोपवू नका. उष्णतेने सांध्याजवळचा धातू मऊ पडतो आणि पुढचा तडा बाजूलाच जातो.

चाळीच्या जिन्याचा प्रश्नही खरा आहे. दांडीची सायकल खांद्यावर टाकून नेता येते. बिनदांडीची नेताना एक हात सीटखालच्या नळीला आणि दुसरा हँडलच्या मुळाशी लागतो, आणि पुढचे चाक वळून गुडघ्यावर आपटते. वर नेण्यापूर्वी पुढचे चाक खालच्या नळीला पट्ट्याने बांधून टाका. 16 ते 20 किलोची सायकल रोज तीन मजले चढवायची असेल आणि गुडघे ठीक असतील, तर दांडीचीच घ्या. त्या एका कारणासाठीसुद्धा ती निवड योग्य ठरते.

ओढणी, साडी किंवा लांब कुर्ता घालणाऱ्यांनी नुसती बिनदांडीची फ्रेम घेऊन भागत नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी आणि चेनला पूर्ण कव्हर हवे. हल्ली बऱ्याच सायकलींना नावापुरते अर्धे कव्हर असते आणि जाळी नसतेच. ओढणीचे टोक आऱ्यांत गेले तर एका फेऱ्यात गळ्याला फास बसतो. जाळी नसेल तर सायकल घरी नेण्यापूर्वी बसवून घ्या आणि ओढणी मागे सोडू नका, कमरेला बांधा.

लहान मुलांच्या बाबतीत ‘वाढतं अंग आहे’ म्हणून मोठी दांडीची सायकल घेऊ नये, आणि मुलगा आहे म्हणून बिनदांडीची नाकारू नये. शिकताना मूल पन्नास वेळा उतरते. प्रत्येक वेळी पाय सहज बाहेर आला तर ते एकावन्नाव्यांदा बसते.

तेव्हा आपल्या वर्तमानपत्राने सायकलींची तुलना छापताना दोन आकडे जरूर द्यावेत: दांडीची उंची किंवा नळीच्या खालच्या भागाची उंची, आणि सीट किती ते किती सेंटिमीटर वर-खाली होते ते. दुकानदारांनीही हेच दोन आकडे किमतीच्या चिठ्ठीवर, लेडीज-जेंट्सच्या जागी लिहावेत. मोजायला एक टेप आणि दोन मिनिटे लागतात.

आपले,
सायकल दुरुस्ती करणारे काही वाचक, परळ, मुंबई