तळ्यावरच्या काकांना, डीएफ-६५ आणि एका शब्दाबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘आधी वारा कुठून येतोय ते बघा’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे लेखी. आणि उघडं अशासाठी, की इथे इंग्लंडात किंवा कुठेही रिमोटवरची शिडाची होडी घ्यायला निघालेल्या आपल्या माणसांच्या हाती तुमचं सांगणं पडावं.

पहिले आभार खरेदीच्या वेळच्या नकाराबद्दल. दुकानातली स्वस्त होडी तुम्ही हातात घेऊन नुसती उलटी करून दाखवलीत: सुकाणू हलतं, पण शीड एका जागी बांधलेलं. दोन चॅनल नसतील, एक सुकाणूला आणि एक शिडांना, तर ती शिडाची होडी नव्हे, वाऱ्याने ढकललेलं खेळणं. दुसरा नकार स्पर्धेच्या मोठ्या होडीला, वन मीटरला, म्हणजे आयओएमला. एक मीटरपर्यंत लांबी, किमान चार किलो वजन, वाऱ्याप्रमाणे बदलायचे शिडांचे तीन संच; सुंदर प्रकरण, पण जुनी घेतली तर ती वाकडी चालते ती होडीमुळे की आपल्यामुळे हे नवख्याला कळणार नाही. डीएफ-६५ मात्र ६५ सेंटीमीटरची, साधारण सव्वा किलोची, कारखान्यातून जवळजवळ तयार येते, आणि स्पर्धेच्या नियमात तिच्यात फारसे बदल करता येत नाहीत. शेजारची तशीच होडी पुढे गेली तर दोष कुणाचा ते आपोआप ठरतं.

रेडिओबद्दल तुम्ही दोनच मिनिटं बोललात आणि तेवढं पुरलं. आधी हातातला ट्रान्समीटर सुरू, मग होडी. बंद करताना उलट. २.४ गिगाहर्ट्झचा संदेश पाण्यातून जात नाही, म्हणून रिसीव्हरची अँटेना होडीच्या तळाशी लोळत न ठेवता डेकच्या आतल्या अंगाला, जमेल तितकी उंच चिकटवायची. होडीतल्या चार एए सेलच्या जागी चार्जिंगचे निकेल मेटल हायड्राइड सेल: १.२ गुणिले चार, ४.८ व्होल्ट. साधे अल्कलाइन सेल ६ व्होल्ट दाखवतात खरे, पण शिडाचा सर्वो, म्हणजे दोरी ओढणारी छोटी मोटर, जोराने ओढायला लागला की त्यांचा दाब खाली बसतो आणि होडी मध्येच बधिर होते.

गळती शोधायची तुमची टिश्यूपेपरची रीत तर प्रत्येकाने उचलावी अशी आहे. कोरडे तुकडे तीन ठिकाणी ठेवायचे, नाळेत म्हणजे पुढच्या टोकाला, मध्ये, आणि वरामीला म्हणजे मागे, झाकणावर चिकटपट्टी लावायची, आणि बाथटबमध्ये होडी हाताने दाबून दहा मिनिटं धरायची. कुठला तुकडा ओला झाला त्यावरून भोक कुठे ते कळतं. मागचा ओला असेल तर सुकाणूची नळी, मधला असेल तर झाकणाची कड. शिडाची दोरी डेकमधून बाहेर येते त्या भोकातून चार थेंब येणारच. तिथे खाली स्पंजचा तुकडा ठेवायचा आणि विसरून जायचं.

आता खरा विषय, शिडांची मापं. काठावर, होडी स्टँडवर, नाळ वाऱ्याकडे, आणि तुमच्या खिशातली ती सहा इंची स्टीलची पट्टी. शिडं पूर्ण आत येतील अशी ट्रान्समीटरची स्टिक ओढली की मोठ्या शिडाच्या बूमचं, म्हणजे तळाच्या आडव्या काठीचं, टोक होडीच्या मध्यरेषेपासून १० मिलिमीटर, जिबच्या, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाच्या, बूमचं ३० ते ३५. जिब नेहमी थोडी जास्त बाहेर. दोन्ही सारखी ओढली तर जिबवरून निसटलेला वारा मोठ्या शिडाच्या पाठीवर आदळतो आणि डोलकाठीलगत शिडाला उलटा फुगा येतो. तो फुगा दिसला की नवखा मोठं शीड आणखी ओढतो. चुकीचं औषध, ढिली करायची असते जिब.

शिडं आत-बाहेर करणाऱ्या दोऱ्यांना तुम्ही दामण म्हणता, देवगडच्या पद्धतीने. तिकडच्या मचव्याला बूम नसतो, परबाण म्हणजे शिडाची काठी वर आणि शीड खाली मोकळं, म्हणून बूमला मात्र तुमच्याकडेही बूमच. दामणीची लांबी बांधताना सर्वोचा आवाज ऐकायला तुम्ही लावलात. स्टिक शेवटाला आहे आणि सर्वो गुणगुणतोय, म्हणजे बूम आधीच अडला आहे आणि सर्वो फुकट ओढत बसलाय. सेल त्यातच संपतात. अशा वेळी दामण ढिली करून बांधायची किंवा ट्रान्समीटरवरून सर्वोचं फिरणं कमी करायचं. डायनिमाच्या बारीक दोरीची गाठ गुळगुळीत असल्यामुळे सरकते, म्हणून मापं पक्की झाली की गाठीवर सुपरग्लूचा एक थेंब. आधी नाही. हे ‘आधी नाही’ लोक ऐकत नाहीत आणि मग कात्री शोधतात.

मग मागे जाऊन, गुडघ्यावर बसून, वरामीच्या बाजूने शिडांकडे बघायचं. मोठ्या शिडाची सगळ्यात वरची पट्टी बूमला समांतर किंवा किंचित बाहेर उघडलेली हवी. किकर घट्ट केला तर बूम खाली दाबला जातो आणि मागची कड वरपर्यंत बंद होते. होडी जड वाटते, वाऱ्याचा सपका आला की आडवी पडते. फार सैल केला तर वरचं अर्धं शीड नुसतं फडफडतं. जिबचं उलटं: तिची टॉपिंग लिफ्ट घट्ट केली की बूमचं मागचं टोक वर उचललं जातं आणि मागची कड उघडते. दोन्ही शिडांच्या मागच्या कडांची वळणं सारखी दिसली पाहिजेत, एकाच कुंभाराने फिरवल्यासारखी. बॅकस्टे, म्हणजे डोलकाठी मागे ताणणारी दोरी, शेवटी. तो सैल असेल तर पुढची तार वाऱ्यात झोळ खाते, जिबला पोट सुटतं आणि होडी वाऱ्याच्या जवळ जातच नाही.

डोलकाठीचा कल स्टिक सोडून तपासायचा. वाऱ्याच्या जवळून चालताना सुकाणू मोकळं सोडलं तर होडीने हळूच वाऱ्याकडे वळावं. झटकन वळली तर काठी फार मागे झुकली आहे. उलटी, वाऱ्यापासून दूर पळाली तर फार पुढे. एका वेळी दोन-तीन मिलिमीटर, जास्त नाही. रेडिओ गेला तरी हळूच वाऱ्याकडे वळणारी होडी बहुधा तोंड वाऱ्यात घालून थांबते, दूर पळणारी थेट पलीकडच्या काठाला जाते. या एका कारणासाठीही हा कल जपावा.

कलाची ही तपासणी सोडली तर बाकी सगळं पाणी न लागता. आमच्या मते नवख्यांच्या बहुतेक तक्रारी या वीस मिनिटांत मिटतात, आणि म्हणूनच हे पत्र बहुतेक काठावरच राहिलंय.

पाण्यावरचं थोडक्यात. पहिली फेरी वारा बाजूने घेऊन, काटकोनात, समोर जायचं आणि त्याच वाटेने परत. वाऱ्याबरोबर सोडली तर जाताना मजा आणि परतताना प्रत्येक हात वाऱ्याशी झगडून. वाऱ्याच्या तोंडात दोन्हीकडे साधारण ४५ अंशांत होडी चालतच नाही. तिकडून वळवताना वेग असताना वळवायची आणि सुकाणू सावकाश. ३५ अंशांपुढे सुकाणू वळवत नाही, ब्रेक लावतं. तोंड वाऱ्यात अडकलंच तर घाबरून स्टिक हलवत बसायचं नाही: शिडं मोकळी सोडायची, होडी मागे सरकू द्यायची, आणि मागे सरकताना सुकाणूचा परिणाम उलटा होतो हे लक्षात ठेवायचं. होडी आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटतं, त्यावर तुमचा उपाय फुकटचा: होडीचं तोंड जिकडे तिकडे आपलीही छाती करायची आणि खांद्यावरून मागे बघायचं.

आणि ढील. काका, याच शब्दासाठी खरे आभार. शीड जितकं ओढावं तितका वेग, ही समजूत इतकी पक्की असते की पुस्तक वाचून जात नाही. शीड आवळलं की होडी कलते, पाण्यावरून बाजूला घसरते, पुढे जात नाही. ‘संक्रांतीला पतंगाला देता ना, तशी ढील द्या,’ एवढंच तुम्ही म्हणालात. शिडाची पुढची कड फडफडेपर्यंत सोडायचं, मग फडफड थांबेल एवढंच आत घ्यायचं. वारा वाढला तर पुन्हा ढील. आणि वाऱ्याबरोबर जाताना नाळ पाण्यात घुसायला लागली किंवा कलून सुकाणूच पाण्याबाहेर आलं तर ढीलही उपयोगाची नाही, शिडांचा मोठा ए संच काढून लहान बी संच चढवायचा. त्यात कमीपणा वाटून घेणारे सगळ्यात आधी डोलकाठी वाकवतात.

होडी अडकली तर पाण्यात उतरायचं नाही, हा एकच नियम तुम्ही आवाज चढवून सांगितलात. एप्रिलमध्येही इथलं पाणी श्वास अडवेल इतकं गार, आणि वेलींनी पाय धरले तर वेगळंच. त्यासाठी तुमच्या पिशवीत टेनिसचा चेंडू, आरपार भोक पाडून ३० मीटर मासेमारीची दोरी ओवलेली. होडीच्या पलीकडे फेकायचा, दोरी होडीवर आडवी पडली की हळूहळू ओढायची. होडीखालच्या कण्याच्या पात्यात शेवाळ अडकलं असेल तर त्याआधी होडी मागे सरकवून बघायची, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतं. हंसांची घरटी असतील त्या कोपऱ्यात चेंडूही नाही.

घरी आल्यावर झाकण उघडं, सेल बाहेर, बॅकस्टे सैल. पाणी खारं असेल तर गोड्या पाण्याने धुणं, बिजागऱ्यांसकट.

बी संचाच्या जिबची दोरी आम्ही १०० मिलिमीटर जास्त ठेवून कापली आहे, गाठीवर अजून सुपरग्लू नाही. तुमची स्टीलची पट्टी मात्र आमच्या पेटीत आली आहे आणि चेंडूसुद्धा. रविवारी दोन्ही घेऊन येतो. भाकित पश्चिमेच्या वाऱ्याचं आहे, म्हणजे बाकांच्या बाजूला झाडांची आड पडेल. पंपहाउसच्या काठावर भेटू.

तुमचे,
तळ्यावरचे दोघे शिकाऊ