मावशी, आमच्या घराचा ‘प्रार्थनेचा विषय’ केला नाहीत त्याबद्दल

प्रिय मावशी,
प्रभूमध्ये सलाम.

एवढं लांबलचक तुम्ही काही स्वतः वाचणार नाही, त्यात डोळ्याचं ते तसं, म्हणून नातीला शेजारी बसवून मोठ्याने वाचून घ्या. दीड वर्ष हे पोटात ठेवलं होतं. आता लिहितेय कारण गेल्या रविवारी ह्यांनी स्वतःच उभं राहून साक्ष दिली, सगळ्या मंडळीसमोर, शुगरच्या आकड्यासकट. मला आधी विचारलं होतं, सांगू का म्हणून. मी म्हटलं सांगा.

तुम्हाला सगळं माहितीये पण बाकीच्यांना नाही म्हणून थोडं मागून सांगते. आमचं घराणं नगरचं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं 1831 ला आणि सासूबाई ते असं सांगायच्या की जणू साहेबांचं सामान ह्यांच्याच ओट्यावर उतरलं होतं. घरात रोज रात्री प्रार्थना, रविवारी चर्च, नाताळला करंज्या, सगळं व्यवस्थित, पण ह्यांच्या मनाला त्यातलं काही लागलं नव्हतं हे मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं. लागलं ते पुष्कळ नंतर, इकडे पिंपरीला आल्यावर, एका घरगुती प्रार्थनेत. वीस वर्षांचा गुटखा त्या आठवड्यात सुटला तो आजपर्यंत. कोणाला खोटं वाटो, मी पँटच्या खिशातून पुड्या काढून धुणं धुतलेली बाई आहे, मला माहितीये काय सुटलं ते.

आणि घोळ तिथेच झाला ना मावशी. ज्या माणसाचा गुटखा डोक्यावर हात ठेवून सुटला त्याला इन्सुलिन का सुटू नये, ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बाहेरून उपदेश करायला एक भाऊ आले होते, तीन दिवसांच्या सभा होत्या, ते म्हणाले हातात औषध म्हणजे मनात संशय. बायबलमधल्या आसा राजाचं उदाहरण दिलं, 2 इतिहास 16:12, पायाला रोग झाला तेव्हा तो परमेश्वराकडे न जाता वैद्यांकडे गेला. घरी येऊन ह्यांनी मला ते वचन बोट ठेवून दाखवलं. मी काय बोलणार, लिहिलंय तर लिहिलंयच. इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारात लिंबांच्या मागे पडून राहिलं, मी रोज दूध काढताना त्याच्याकडे बघायची आणि माझाच विश्वास कमी पडतोय की काय असं वाटून गप्प बसायची. रात्री पाच पाच वेळा उठायचे हे. वजन उतरलं तर लोक म्हणायचे वा, बारीक झालात, मस्त दिसताय.

तुम्ही मात्र मागच्या बाकावरून बघत होतात. त्या रविवारी उपदेश चालू असताना ह्यांनी दोन बाटल्या पाणी संपवलं आणि तीनदा बाहेर जाऊन आले. उपदेश काय होता ते तुम्हाला आठवत नसेल, तुम्ही पाणी मोजत होतात!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलात. कोथिंबीर देण्याच्या निमित्ताने. पर्समधून रुमालात गुंडाळलेलं पवित्र शास्त्र काढलंत आणि त्याच रुमालातून ग्लुकोमीटर. ह्यांना म्हणालात, "बाबा, बोट दे. विश्वास नाही मोजत मी, साखर मोजतेय." 438 आली. मी रडायला लागले तर तुम्ही मला चहा ठेवायला पाठवलंत, बिनसाखरेचा.

मला वाटलं आता त्या भाऊंचा उद्धार होणार. एक शब्द काढला नाहीत त्यांच्याविरुद्ध. आसाचंच पान उघडलंत आणि ह्यांनाच मोठ्याने वाचायला लावलंत, मग विचारलंत की त्याची चूक कोणती, वैद्याकडे गेला ती, का देवाला विचारलंच नाही ती? हे गप्प. मग हिज्कीयाचं काढलंत, यशया 38. राजा रडून प्रार्थना करतो, देव पंधरा वर्षं वाढवून देतो, वचन मिळालंय, सगळं पक्कं झालंय, आणि तरी संदेष्टा सांगतो अंजिराची ढेप गळवावर बांधा. "देवाला अंजिराची गरज होती का रे? पण बांधायला सांगितली ना." हे मी आयुष्यभर संडे स्कूलपासून ऐकलंय, अंजिरावर कधी थांबलेच नव्हते.

मग मिरज. तुमचं मिरजेचं ट्रेनिंग निघाल्याशिवाय तुमची कुठली गोष्ट पुरी होत नाही. 1894 ला वॉनलेस साहेबांनी सुरू केलेलं हॉस्पिटल, ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची, "आणि प्रार्थना झाल्यावर ऑपरेशन पण व्हायचं," असं म्हणालात तेव्हा हे पहिल्यांदा हसले. पुढे मनाने डोस घेऊ दिला नाहीत, आमच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावलात, ते म्हणाले लगेच घेऊन या, तर रिक्षात शेजारी बसलात. आधी ह्यांच्यासाठी प्रार्थना केलीत आणि मग रिक्षावाल्याला शॉर्टकट सांगितलात.

हे सगळं एक वेळ दुसऱ्या कोणीही केलं असतं. पण नंतरचं जे आहे ना, त्याच्यासाठी हे पत्र आहे. आपल्यात काय होतं आपल्याला माहितीये. 'बंधूसाठी प्रार्थना करा, विश्वासात डळमळले आहेत' असा एक मेसेज ग्रुपवर पडला की हात जोडलेले चाळीस इमोजी, आणि बुधवारच्या महिला सभेत चहाबरोबर आम्ही. पाळकसाहेबांनासुद्धा तुम्ही सांगितलं नाहीत, ह्यांनी स्वतः जाऊन सांगेपर्यंत. ह्यांना चर्चला परत यायला लाज वाटली नाही ती त्यामुळे. त्यांचं इन्सुलिन पण राहिलं आणि चर्च पण राहिलं, मला तर वाटलं होतं दोन्हीतलं एक जाणार.

आता शुगर बरी आहे, तीन महिन्यांची टेस्ट वेळेवर होते. शुक्रवारचा उपास हे जेवणाचा करत नाहीत, मोबाईलचा करतात, तो जास्त जड जातो म्हणे.

आणि आता तुमचं. मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय आणि तुम्ही 'प्रभू बघेल, ईस्टर होऊ दे' करताय. मावशी, अंजीर. गुरुवारची तारीख ह्यांनी घेऊन ठेवलीये, रिक्षा साडेआठला येईल, मी बरोबर आहे. रिक्षात बसायच्या आधी प्रार्थना हे करणार आहेत. शॉर्टकट तुम्ही सांगा.

तुमची,
कोथिंबिरीचा डबा अजून परत न केलेली