गेमच्या पोटातल्या आपल्या खुणा

अमळनेर,
श्रावण

प्रिय दोस्ता,

कसा शे भो? तुझा फोन आल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. "आमच्या गेममध्ये लपवायला काहीतरी सुचव, आपल्याकडचं," एवढं म्हणालास आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवलास. हे फोनवर बोलून होणारं नव्हतंच. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारून लिहायला बसलोय. राजे, राक्षस, मंतरलेल्या तलवारी असलेला गेम तुम्ही चौघं-पाच जण पुण्यात बसून बनवताय, आणि त्यात खानदेश लपवायचा म्हणताय, याचा मला किती आनंद झालाय ते आधी सांगून टाकतो. आता मुद्द्यावर येतो.

मला वाटतं, गेममध्ये काही लपवायचं तर आधी ठरवावं की ते कुणासाठी आहे. वॉरन रॉबिनेटचं उदाहरण तुला पाठ असेल. अटारी कंपनीच्या २६०० या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावरचा 'अ‍ॅडव्हेंचर', १९८० चा. ड्रॅगन, किल्ले, तलवार, हरवलेला चषक, म्हणजे आपण पुढे जे जे खेळलो त्याचा आजोबाच. अटारी तेव्हा गेम बनवणाऱ्याचं नाव कुठेही छापत नसे. रॉबिनेटने मागच्या भिंतीच्याच रंगाचा, एका पिक्सेलएवढा राखाडी ठिपका एका दालनात ठेवून दिला. तो उचलून योग्य भिंतीपाशी नेला की गुप्त खोली उघडायची आणि आत त्याचं नाव झळकायचं. कंपनीत कुणाला बोलला नाही. नोकरी सोडून गेला तरी बोलला नाही. शेवटी अमेरिकेतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाला ती खोली सापडली आणि त्याने कंपनीला पत्र लिहून कळवलं. एका पोराने भिंती चाचपत बसावं आणि त्याला एका माणसाचं नाव सापडावं, हे मला फार थोर वाटतं.

नावावरून अजिंठा आठवला. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथचं नाव कोरलेलं आहे, २८ एप्रिल १८१९. वाघाच्या मागे आलेला इंग्रज अधिकारी. लेण्यात तेव्हा मातीचा ढीग साचलेला, त्यावर उभा राहून त्याने चित्रावरच खरवडलं, म्हणून ते आज आपल्या डोक्याच्याही वर दिसतं. ते पाहिलं की मला आजही राग येतो. आणि त्याच अजिंठ्यात, पहिल्या लेण्यात, एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच. कुठल्याही हरणाकडे बघ, ते डोकं त्याचंच वाटतं. गाइड बॅटरी मारून दाखवतो तेव्हा सगळी सहल 'अरे!' म्हणते. ज्याने ते घडवलं त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, पण दीड हजार वर्षं तो माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला हसवतोय. ज्याला हरणं दिसली नाहीत त्याचं लेणं काही कमी होत नाही. तुमच्या गेममधलं लपवणं असं हवं. चित्र खरवडून काही लिहू नका.

म्हणूनच कुणावरचा राग काढायला केलेल्या खुणा मला भावत नाहीत. १९९२ च्या 'अल्टिमा ७' मध्ये एलिझाबेथ आणि अब्राहम नावाची दोन पात्रं आहेत. आपण पोचायच्या जरा आधी गावातून निघून जातात आणि मागे नासधूस ठेवतात. दोघांची आद्याक्षरं ई आणि ए. गेममधली तीन दुष्ट यंत्रं म्हणजे घन, गोल आणि चतुष्फलक, तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स कंपनीच्या बोधचिन्हातले आकार. त्याच वर्षी त्या कंपनीने ओरिजिन, म्हणजे 'अल्टिमा' बनवणारी कंपनी, विकत घेतली. कारागिरी म्हणून हे अफाट आहे, पण भांडण विझलं की त्यात जीव उरत नाही. तुमच्यात कुणाचं कुणाशी वाजलं तर ते कॅन्टीनमध्येच मिटवा.

खेळणाऱ्यांच्या बोलण्यातून उगवलेल्या खुणा मात्र फार टिकतात. 'डायब्लो'मधली गाय आठव. पहिल्या गेममध्ये गावातल्या गायीवर ठरावीक वेळा क्लिक केलं की गुप्त जागा उघडते अशी अफवा होती. तसं काही नव्हतं. १९९८ च्या 'स्टारक्राफ्ट'मध्ये याच ब्लिझर्ड कंपनीने 'गायींची पातळी नाही' हे वाक्यच चीट कोड (टाइप केला की खेळात फायदा देणारा गुप्त संकेत) म्हणून ठेवलं, आणि २००० साली 'डायब्लो २'मध्ये ती पातळी खरोखर बनवून दिली. वर्ट नावाच्या पोराचा लाकडी पाय आणि टाउन पोर्टलचं पुस्तक हॉराड्रिक क्यूब या जादूच्या पेटीत घाला, की दोन पायांवर उभ्या, हातात परशू घेतलेल्या गायींचा कळप समोर, आणि त्यांना मारायचं. लोक वर्षानुवर्षं जे खोटं बोलत होते ते त्यांना खरं करून दिलं. आपण सायबर कॅफेत ती उघडली तेव्हा पोळा तोंडावर आलेला, तुमच्या गोठ्यात शिंगं रंगवायची तयारी चाललेली, आणि तू माउस खाली ठेवलास. म्हणालास, हे आपल्याकडून नाही होणार. मला तेव्हाच कळलं की एका गावचा विनोद दुसऱ्या गावात तसाच उतरत नाही. तुझी ती अडचण मी कधीही हसण्यावारी नेणार नाही.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहितोय ते. पोलंडवाल्यांकडे बघ. त्यांचा 'विचर ३' हा गेम २०१५ चा. त्याच वर्षी आलेल्या 'हार्ट्‌स ऑफ स्टोन' या पुरवणीत ओल्गिएर्ड नावाचा सरदार आहे. त्याचा सैतानासारख्या गॉन्टर ओ'डिमशी करार झालेला, आणि त्यातली अट अशी की दोघं चंद्रावर उभे असतील तेव्हाच आत्म्याची वसुली. आपण खेळताना म्हणालो, चंद्रावर कोण जातंय, हा सुटला. आणि शेवटी एका पडक्या देवळात ओ'डिम फरशीवरची धूळ उडवतो, खाली चंद्राचं चित्र. आपल्या अंगावर काटा आला होता, पण आपण अर्धंच पाहिलं होतं. पोलंडमधल्या पोरांना लहानपणापासून पान त्वार्दोव्स्कीची गोष्ट माहीत असते. सैतानाशी करार केलेला सरदार. अट अशी की आत्मा फक्त रोममध्ये घेता येईल. तो रोमला जातच नाही, पण सैतान त्याला एका खाणावळीत गाठतो आणि त्या खाणावळीचं नाव असतं 'रोम'. पळताना तो देवाचा धावा करतो आणि चंद्रावर जाऊन अडकतो. म्हणजे गेममधल्या त्या फरशीत खाणावळही आहे आणि चंद्रही. मला हे नंतर वाचून कळलं तेव्हा मी गेम परत पहिल्यापासून खेळलो. त्यांनी कुठेही तळटीप दिली नाही. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी धूळ उडण्याचा तो क्षण पुरेसा आहे, आणि क्राकोच्या एखाद्या आजीचा नातू खेळत असेल तर त्याला त्याच्या आजीचा आवाज ऐकू येतो.

आपल्याकडे असं काय कमी आहे?

चांगदेवांचं कोरं पत्र घे. ज्ञानेश्वरांना लिहायला बसले, 'चिरंजीव' लिहावं की 'तीर्थरूप' हेच ठरेना, शेवटी कोरा कागद पाठवला. मुक्ताबाईने पाहिला आणि म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. चांगदेवांचं देऊळ इथेच, तापी-पूर्णेच्या संगमावर. आता तुमच्या गेममध्ये एक म्हातारा जोगी ठेव. तो कोरं पान देतो, 'पोचव' म्हणतो, कुणाला ते सांगत नाही. ते विकता येत नाही, टाकता येत नाही, नुसतं पिशवीत पडून राहतं. कितीतरी तासांनी, नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला, चार भावंडं एका झोपडीत दिसतात. तीन भाऊ, धाकटी बहीण. पान थोरल्याला दिलं तर काही होत नाही. धाकटीला दिलं तर ती हसते आणि पासष्ट नाणी हातावर ठेवते. साठ नाही, सत्तर नाही. कारण कुठेही लिहू नका. जळगाव-मुक्ताईनगरकडचा एखादा पोरगा रात्री दोन वाजता खुर्चीतून उठेल, बघ.

दुसरी जागा चाळीसगावजवळची पाटणादेवी. तिथल्या शिलालेखाची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (हा वेगळा), त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, शके ११२८ च्या सुमारास. डोंगरात गणिताचा मठ! याहून सुंदर फँटसी कोणती लिहिणार आहेस? त्या मठाच्या दाराला भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथातल्या भुंग्यांचं कुलूप लाव. थव्यातला एक पंचमांश कदंबावर, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलावर, या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एकच भुंगा दोन सुगंधांच्या मध्ये हेलकावे खात राहिलेला. थवा केवढा? उत्तर पंधरा. माझी नववीची मुलं सोडवतात. ज्याला गणित नको त्याच्यासाठी बागेत खरोखर पंधरा भुंगे उडते ठेव, मोजले तरी दार उघडावं. दोन्ही वाटा सारख्याच मानाच्या.

कानबाईचं, आपल्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीचं, मात्र जपून. या रविवारी आमच्याकडे बसली होती, त्यामुळे मन त्यातच आहे. देवीचं नारळ ही उचलून पिशवीत टाकायची वस्तू करू नका, ते मला आवडणार नाही आणि तुझ्या आईलाही नाही. पण तिच्या रोटांचं, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांचं, धान्य सव्वाच्या मापाने घेतात, ते माप घेता येईल. तुमच्या गेममध्ये सात वारांचं चक्र आहे म्हणालास. पावसाळ्यातल्या एका रविवारी एका गावचा वाणी सगळं धान्य त्याच दरात सव्वापट मोजून देतो, सोमवारी लोक वाजतगाजत नदीकडे जातात, आणि मंगळवारपासून माप नेहमीचं. बाहेरच्याला वाटेल फायदा झाला. आपल्या माणसाला रोटाचा वास येईल.

जखमा भरायला गेममध्ये काहीतरी खावं लागतंच. भरीत ठेव. निखाऱ्यावर भाजलं तर थोडी ताकद, पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, भाजून लाकडी बडगीत ठेचलं तर पुरती. एवढ्यावर जास्त लिहीत नाही, तोंडाला पाणी सुटतं.

अहिराणीबद्दल मात्र मला हट्टाने सांगायचंय. 'एल्डर स्क्रोल्स' या गेममालिकेतला माइक द लायर आठवतो ना, मांजराच्या तोंडाचा, भलत्याच जागी भेटणारा? त्या मालिकेतल्या 'मॉरोविंड'मध्ये, २००२ साली, ड्रॅगन कुठे आहेत विचारलं तर म्हणायचा, सगळीकडे आहेत, पण बहुतेक बघायला फार उंच उडावं लागतं, आणि जमिनीजवळचे अदृश्य असतात. लोकांना ड्रॅगन हवे होते, गेममध्ये नव्हते, म्हणून ही थट्टा. २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये आकाश ड्रॅगनांनी भरून गेलं आणि माइक तिथेही होताच, रस्त्यावर भटकत. तुमच्याही गेममध्ये असा एक चालता माणूस हवा, आणि तो अहिराणी बोलू दे. पण त्याला विदूषक करू नका. आपली बोली ऐकवायची म्हणजे गडी, नोकर, येडा भाऊ, हेच आपण आयुष्यभर पडद्यावर पाहिलं. राजवाड्यातला प्रधान अडखळेल तिथे याचं उत्तर बरोबर निघू दे. 'आठे' (इथे) आणि 'तठे' (तिथे) एवढ्या दोन शब्दांत तो खरा रस्ता सांगेल, आणि ज्याला कळत नाही त्याच्यासाठी त्याचा हात त्या दिशेला उचललेला असेल. आवाजासाठी शहरातला कलाकार घेऊन बोली शिकवत बसू नका. पारोळ्याच्या बाजारात उभा राहा, दहा मिनिटांत आवाज मिळेल.

एक शेवटचं. 'स्कायरिम'मध्ये रोरिकस्टेड गावी खानावळवाल्याचा मुलगा आहे, एरिक. शेतात राबतो, गाव सोडून जग बघायचंय, पण त्याला चिलखत घेऊन द्यायची बापाची ऐपत नाही. आपण बापाशी बोललो तर तो निघतो आणि पुढे आपल्या सोबतीला येतो. हे पात्र एका वारलेल्या खेळाडूच्या आठवणीत ठेवलंय. मला ते कळल्यापासून वाटतं, आपणही कुणाला तरी ठेवावं. आपल्या कॅफेवाल्या काकांना ठेव. वेळ संपली की मागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "घ्या अजून पाच मिनिटं." त्या पाच मिनिटांचे पैसे त्यांनी कधी लावले नाहीत. तुमच्या गेममधल्या सराईमध्ये रात्री दिवे मालवायची वेळ झाली की मालकाने हेच म्हणावं आणि दार पाच मिनिटं उघडं राहावं. नाव घालू नका. काका सुखरूप आहेत, आता मोबाईलचं दुकान चालवतात. त्यांना विचारल्याशिवाय करायचं नाही, म्हणून मी उद्या शाळा सुटल्यावर जाऊन विचारून येतो आणि तुला कळवतो.

तू मला एवढं कर: कोऱ्या पानाचं टीममध्ये काय ठरतंय ते सांग, आणि खेळण्याजोगं काही तयार झालं की पाठव. मठाच्या दारावर मी नववीच्या पोरांना बसवीन, उत्तर आधी फोडणार नाही. काकूंना नमस्कार. दसऱ्याला येतोस ना?

तुझाच दोस्त