हात बघू नका, धरून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१२ ऑक्टोबरच्या जागतिक संधिवात दिनी यंदाही बरेच लेख वाचले. सगळ्यांचा सूर एकच, 'दुखणं अंगावर काढू नका, वेळेत डॉक्टरांकडे जा.' अहो, आम्ही जातोच. अडतं ते पुढे.

अकरा वर्षांपूर्वी मला सकाळी कुकरचं झाकण बसवता येईना. नऊ वाजेपर्यंत बोटं आखडलेली, मग हळूहळू सुटायची. आमचे फॅमिली डॉक्टर भला माणूस, रात्री-अपरात्री धावून येणारे. मी हात पुढे केले. त्यांनी ते पाहिले, हातात घेतले मात्र नाहीत. रक्ततपासणीत युरिक अ‍ॅसिड नॉर्मल, आरए फॅक्टर ही संधिवातासाठीची चाचणीही निगेटिव्ह. म्हणाले, 'वयाचं आहे, कॅल्शियम घ्या.' मी तेव्हा ४४ वर्षांची! सव्वा वर्ष वेदनाशामक गोळ्यांवर गेलं. शेवटी संधिवाततज्ज्ञांनी पंजा हातात घेऊन बोटांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी दाबला आणि मी कळवळले. आमवाताची (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात) शंका त्यांना तिथेच आली. सुरुवातीला कित्येकांची आरए चाचणी निगेटिव्ह येते, हे मला तेव्हा कळलं. सांधा झिजून आलेली गाठ हाडासारखी टणक लागते, आमवाताची सूज मात्र मऊ, पिकल्या द्राक्षासारखी. हा फरक रक्तात नाही, बोटांना कळतो.

१९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी पाहणी झाली. तिथे आमवाताचं प्रमाण साधारण दोनशे प्रौढांमागे एक निघालं. म्हणजे ज्या डॉक्टरांकडे दोन हजार मोठी माणसं येतात, त्यांच्याकडे असे दहाएक रुग्ण असणार. सूज आल्यापासून सहा आठवड्यांत रुग्ण तज्ज्ञांपर्यंत पोचावा, असं युरोपातले संधिवाततज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे तज्ज्ञ मोजके, तेही मोठ्या शहरांत. तेव्हा कुणाला पुढे पाठवायचं, हे फॅमिली डॉक्टरांनाच ओळखता आलं पाहिजे.

वेळ नसतो हे मान्य, बाहेर रांग असते. पण ब्रिटनमध्ये १९९२ साली मांडलेली, दोन-तीन मिनिटांत होणारी तपासणी शिकवली जाते. आधी तीनच प्रश्न. स्नायू, सांधे, पाठ दुखते-आखडते का? कपडे विनात्रास घालता येतात का? जिना चढता-उतरता येतो का? मग चाल, हात, पाय, मणका झटपट पाहायचा.

नोंदणी टिकवायला डॉक्टरांना व्याख्यानं-शिबिरांना हजर राहून क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतातच. ते बहुधा हॉटेलच्या हॉलमध्ये, जेवणासकट. पडद्यावरची सूज दाबून बघता येत नाही! त्याऐवजी एखाद्या रविवारी सकाळी आमच्यासारख्या पाच-सहा रुग्णांना समोर बसवा. कुठे दाबायचं, किती जोराने, हे आम्ही सांगू. परदेशात रुग्णांनी असं शिकवल्याची उदाहरणं आहेत.

माझ्या डाव्या मनगटाला अजून मधूनमधून सूज येते, उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली आहेत. शिकायला दोन्ही हात उपयोगी पडतील. गावातल्या डॉक्टरांच्या संघटनेने बोलावलं तर मी येईन. फक्त दहानंतर बोलवा, त्याआधी बोटं सुटत नाहीत.

– एक वाचक, सातारा