चित्रे देखणी, लढत एकाच बाजूची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या कन्सोलवरील गेमविषयी हल्ली वृत्तपत्रांतून बरेच छापून येते आणि आम्ही ते आवडीने वाचतो. खटकते ते एवढेच, की फायटिंग गेमचा विषय निघाला की मजकूर चित्रांपाशीच थांबतो. १९९४ साली आलेला ‘राइज ऑफ द रोबॉट्स’ हे त्याचे ठळक उदाहरण. मिराज या ब्रिटिश कंपनीने त्यातले यंत्रमानव संगणकावर त्रिमितीत घडवले आणि मग सपाट चित्रांत उतरवले. छापील स्थिरचित्रांत ते आजही देखणे दिसतात. पण सुपर निन्टेन्डो किंवा मेगा ड्राइव्ह या कन्सोलवर कार्ट्रिज लावून खेळायला बसले की थोड्याच वेळात विरस होतो. त्याची कारणे नेमकेपणाने सांगता येतात, म्हणून हे पत्र.

सगळ्यात मोठा दोष म्हणजे यात बाजू बदलत नाहीत. तुमचा यंत्रमानव, सायबॉर्ग, कायम डावीकडे, प्रतिस्पर्धी कायम उजवीकडे. उडी मारून पलीकडे उतरणे नाही, मागे वळणे नाही. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे जायला बंदी घातली तर जे उरेल, तेच इथे उरले आहे. फायटिंग गेममध्ये वार अडवायचा तर कंट्रोलरवर मागची दिशा दाबून धरतात. समोरचा डोक्यावरून पलीकडे गेला की ‘मागे’ म्हणजे डावीकडे की उजवीकडे, हेच क्षणात बदलते. अडवणाऱ्याला दर उडीला अंदाज बांधावा लागतो आणि खरी चुरस तिथेच असते. कोपऱ्यात सापडलेल्याला सुटायचीही हीच वाट. ती बंद केल्यावर लढत म्हणजे नुसते पुढे-मागे सरकणे होते.

यावर मेमरी कमी पडल्याचे कारण पुढे करता येत नाही. दोन्ही कन्सोलच्या चित्रचिपमध्ये स्प्राइट (पडद्यावर हलणारे चित्र) आडवा उलटा दाखवण्याची सोय आहे. एक बिट बदलला की उजवीकडे पाहणारा योद्धा डावीकडे पाहू लागतो. कार्ट्रिजमध्ये जास्तीचे एकही चित्र लागत नाही. फार तर अंगावरचा उजेड उलट बाजूने आल्यासारखा दिसेल. तेवढी तडजोड खेळासाठी करायलाच हवी होती.

मोठ्या चित्रांची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती समजून घेण्याजोगी आहे. ९६ बाय १२८ पिक्सेलचा, सोळा रंगांचा एक योद्धा म्हणजे ६,१४४ बाइट. ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची पूर्ण चित्रे) दाखवताना, दोन फ्रेमच्या मधल्या रिकाम्या वेळात सुपर निन्टेन्डो साधारण ६ किलोबाइट आणि मेगा ड्राइव्ह ७ किलोबाइट चित्र-मेमरीत नेऊ शकतो. एवढ्या आकाराच्या दोन योद्ध्यांची नवी मुद्रा एकाच फ्रेममध्ये बसत नाही. काम दोन-तीन फ्रेममध्ये विभागावे लागते किंवा मुद्राच कमी ठेवाव्या लागतात. १९९२ च्या सुपर निन्टेन्डोवरील ‘स्ट्रीट फायटर २’ने १६ मेगाबिट, म्हणजे २ मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये निवडता येणारे आठ योद्धे दिले होते. इथे एकट्याने खेळताना योद्धा एकच, सायबॉर्ग. लोडर, बिल्डर, क्रशर वगैरे दुसऱ्या खेळाडूला घेता येतात. पहिल्याला तेव्हाही सायबॉर्गच.

दुसरा दोष संगणकाच्या खेळीचा. वर-उजवीकडे दाबून उडी घ्यायची आणि लाथेचे बटण दाबायचे, एवढ्या एका डावावर बहुतेक प्रतिस्पर्धी गारद होतात. प्रत्येक वाराचे तीन भाग असतात: तयारी, प्रहार आणि सावरणे. उडीतल्या लाथेवर उतारा दोन ठिकाणी ठेवतात. एक, वरून येणारा वार हवेतच हाणून पाडणारा ठोसा. दोन, लाथ अडवली गेली तर उतरणाऱ्याला सावरण्यापूर्वी बसणारा उलट वार. इथला संगणक दोन्हींचा पुरेसा वापर करत नाही. मग बाकीचे डाव शिकायला कारणच उरत नाही.

‘क्वीन’ या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्या नावाची जाहिरात झाली, पण खेळातले बहुतेक संगीत रिचर्ड जोसेफ यांचे आहे. ते वाईट नाही. अपेक्षा मात्र भलतीच वाढवली गेली.

अशा गेमवर लिहिणाऱ्यांना विनंती, की दोष गेमचा की यंत्राचा हे आधी तपासावे. ५० हर्ट्झची आवृत्ती असेल आणि वेग फ्रेमवर बांधलेला असेल, तर सगळे सुमारे १७ टक्के संथ चालते. आवृत्ती कोणती हे लेखात यायलाच हवे. तिरकी दिशा लागत नसेल तर कंट्रोलर उघडून दिशाबटणाखालचे रबर पाहावे. ते झिजले की वर-उजवीकडे दाबूनही उडी सरळ वर जाते. चित्र तुटत असेल तर ३.८ मिलिमीटरच्या खास स्क्रूड्रायव्हर-बिटने कार्ट्रिज उघडून मुलामा दिलेल्या तांब्याच्या कडा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसाव्यात. फुंकर मारू नये, तोंडाच्या ओलाव्याने कडा गंजतात. सँडपेपर तर नकोच. वरचा मुलामा जातो.

प्रतिसाद मंद वाटला तर टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करावा. मग मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या वेगाने बोट आणि पडदा एकत्र चित्रित करावा. ६० हर्ट्झची एक फ्रेम म्हणजे अशी चार चित्रे. बटण दाबल्यापासून योद्धा हलेपर्यंतची चित्रे मोजावीत. त्याच कन्सोलवर, त्याच टीव्हीवर ‘स्ट्रीट फायटर २’चीही तशीच मोजणी करावी, जो फरक निघेल तो गेमचा. उडी मारून पलीकडे जाता येते का आणि एकाच लाथेवर किती प्रतिस्पर्धी हरतात, या दोन गोष्टी लेखात पहिल्या परिच्छेदात द्याव्यात. चित्रांचे कौतुक त्यानंतर करायला जागा असतेच.

कळावे,
आपले,
जुने कन्सोल दुरुस्त करून खेळणारे काही वाचक