जुन्या तिकिटांवरचे कोड

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

काकांच्या जुन्या विमान तिकिटांची तू केलेली यादी मिळाली. 'आयटी' या दोन अक्षरी विमान कंपनी-कोडच्या ओळींपुढे तू टायगरएअर तैवान भरलं आहेस. आज नेटवर शोधलं तर तेच नाव येतं हे खरं, पण २००९ सालचं मुंबई-बेंगळुरू तिकीट तैवानी कंपनीचं कसं असेल? ते किंगफिशरचं. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली आणि तो कोड नंतर तैवानला गेला. किंगफिशरच्याही आधी तो फ्रान्सच्या एअर इंटरकडे होता. कोड म्हणजे मालकीचा ब्लॉक नव्हे रे, भाड्याची खोली. जुना भाडेकरू गेला की नवा येतो.

यायलाच हवा, कारण खोल्याच कमी आहेत. २६ अक्षरं आणि १० अंक यांच्या जोड्या होतात १२९६. नुसत्या अंकांच्या १०० चालत नाहीत, म्हणजे उरल्या ११९६. एवढ्यात सगळ्या जगाच्या विमान कंपन्या बसवायच्या. म्हणून आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या यादीतून नाव निघाल्यावर सहा महिन्यांनी तो कोड दुसऱ्या कोणाला देता येतो. बंद पडलेल्या अमेरिकी पॅन अ‍ॅमचा 'पीए' आज पाकिस्तानच्या एअरब्लूकडे आहे, तशाच टीडब्ल्यूएचा 'टीडब्ल्यू' कोरियाच्या टीवेकडे. कधी तर दोन जिवंत कंपन्या एकच कोड वापरतात. त्यांचे मार्ग एकमेकांत येणार नाहीत एवढं फक्त पाहिलं जातं.

उड्डाणं थांबणं आणि कोड सुटणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. कंपनी अवसायनात काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला ७ नोव्हेंबर २०२४ ला. तेव्हा बंद पडल्याची तारीख हीच कोडची शेवटची तारीख समजू नकोस.

विलीनीकरणात आणखी घोळ. इंडियन एअरलाइन्सचा 'आयसी' २०११ च्या फेब्रुवारीत संपला आणि ती उड्डाणं 'एआय' झाली. लोकांच्या तोंडी आयसी ८१४ राहिलं ते राहिलंच. विस्ताराचा 'यूके' १२ नोव्हेंबर २०२४ पासून गेला. यूके ९५५ चं एआय २९५५ झालं, जुन्या आकड्याआधी फक्त २ लागला. एअर सहारा जेटने घेतली तेव्हा उलट झालं: नाव जेटलाइट, कोड तोच 'एस२'. आणि स्विसएअर बुडाल्यावर उभी राहिलेली स्विस 'एलएक्स' वापरते, तो मुळात क्रॉसएअर या तिथल्याच दुसऱ्या कंपनीचा. आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेचा तीन अक्षरी कोड 'एसडब्ल्यूआर' मात्र तिने स्विसएअरचाच घेतला. एकाच कंपनीचे दोन कोड, दोन वेगळ्या घरांतून आलेले!

म्हणून दोन अक्षरांवर विसंबू नकोस. तिकिटावर तेरा आकडी क्रमांक असतो, त्यातले पहिले तीन बघ: किंगफिशर ०९०, जेट ५८९, इंडियन एअरलाइन्स ०५८, एअर इंडिया ०९८, विस्तारा २२८. मात्र हे तिकीट देणाऱ्या कंपनीचे. कोडशेअर असेल तर विमान दुसऱ्याचंही असू शकतं, तेव्हा तिकीट देणारी आणि विमान उडवणारी असे दोन रकाने वेगळे ठेव. तिकीट हरवलं असेल आणि मागे सामानाच्या टॅगची चिठ्ठी चिकटलेली असेल तर तिच्यावरच्या दहा आकड्यांतला पहिला सोड, पुढचे तीन तेच. तिकीट क्रमांकाच्या शेवटी कधी चौदावा आकडा दिसतो, तो तपासणीचा, नोंदवू नकोस.

आता एक्सेलबद्दल. आकडे भरायच्या आधीच ते रकाने 'टेक्स्ट' कर, मागाहून करून उपयोग नाही. नाहीतर ०९० चं ९० होतं आणि किंगफिशर सापडत नाही. इंडिगोचा तर फारच विनोद, कारण तिचा कोड '६ई': '६ई१२३' असं जोडून इंग्रजीत टाइप केलंस की एक्सेल त्याला सहा गुणिले दहाचा १२३ वा घात समजतो. ३०७ पर्यंतच्या आकड्यांना हे होतं, त्यापुढची उड्डाणं मजकूर म्हणून सुखरूप राहतात. त्यामुळे निम्मी यादी बरोबर दिसते आणि चूक लक्षातच येत नाही. कोड एका रकान्यात, उड्डाण क्रमांक दुसऱ्यात. प्रवासाची तारीख तर सोडूच नकोस. तिच्याशिवाय 'आयटी' म्हणजे कोण, हे सांगता येत नाही.

बोर्डिंग पास गुळगुळीत थर्मल कागदाचे असतील तर आधी त्यांचे फोटो काढ. गरम लॅमिनेशन अजिबात नको, उष्णतेने अख्खा कागद काळा पडतो. जे आत्ताच पुसट झालेत त्यांचे फोटो तिरप्या उजेडात काढून मला पाठव, एकेक करून लावू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीधर