मास्तर, हा डावा हात तुमचा

मास्तर, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाईल फक्त फोन घ्यायला वापरता हे माहितीय, म्हणून तुमच्या नातीला सांगितलंय हे वाचून दाखव म्हणून. सगळ्यांसमोर लिहितोय त्याचं कारण एवढंच की घरी येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही "पुरे रे" म्हणून आतमध्ये चहा टाकायला सांगता आणि विषय तिथेच संपतो. आज मधे तोडता येणार नाही, ऐकावंच लागेल.

बाकीच्यांसाठी थोडं आधीचं. रत्नागिरीत आमचा बँड आहे, कव्हर बँड, म्हंजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवायची. ड्रमवाला बर्फाच्या कारखान्यात कामाला, गिटारवाला पतपेढीत, गाणारा आंब्याच्या सीझनला गायबच असतो, आणि कीबोर्डवर मी. पाचवा होता, बासवाला (गाण्याच्या तळाचे जाड सूर वाजवणारा), त्याला पुण्यात नोकरी लागली आणि जूनमध्ये तो बास गिटार पाठीला लावून एसटीत बसला. नेमका तेव्हाच आमच्या गाणाऱ्याने हट्ट धरला की डिसेंबरच्या कार्यक्रमात द डोअर्स या अमेरिकन बँडचं 'लाइट माय फायर' करायचंच, आणि ते पण रेडिओसाठी कापलेलं तीन मिनिटांचं नाय, १९६७ च्या अल्बमवरचं अख्खं, सात मिनिटांचं.

मी म्हटलं बास कोण तुझा मामा वाजवणार का? तर गिटारवाला म्हणतो, अरे त्या बँडमध्ये पण बासवाला नव्हताच. खरंच नव्हता. त्यांचा कीबोर्डवाला रे मँझरेक उजव्या हाताने व्हॉक्स काँटिनेंटल ऑर्गन वाजवायचा आणि त्या ऑर्गनच्याच वर फेंडर र्‍होड्सचा छोटा पियानो बास ठेवलेला असायचा, बत्तीस पट्ट्यांचा, तो डाव्या हाताने. एक माणूस, दोन वाद्यं. (रेकॉर्डवर मात्र लॅरी नेक्टेल नावाच्या वादकाकडून बास वेगळा वाजवून घेतला होता, हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर तिथेच हात वर केले असते.)

आता माझा डावा हात म्हंजे काय ते सांगतो. मी पेटीवाला. वाडीतल्या भजनात बसून शिकलेला. वीस वर्षं उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर. डाव्या हाताला एकच काम माहीत, मागे-पुढे मागे-पुढे. कीबोर्ड घेतला तेव्हा तर तो हात बिनकामाचाच झाला, मांडीवर पडून राहायचा. आणि मास्तर, तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं, पण पहिल्या प्रॅक्टिसला मी कीबोर्डचे दोन भाग केले, खाली बास, वर ऑर्गन, उजव्या हाताने जोरात सुरू केलं आणि डावा हात हवेत भाता मारायला लागला. खरंच मारत होता. ड्रमवाला स्टुलावरून खाली पडायचा बाकी होता हसून.

महिनाभर डोकं आपटलं. युट्यूबवर बघून बघून बोटं बसवली. डावा वेगळा नीट यायचा, उजवा वेगळा नीट यायचा, दोन्ही एकत्र आणले की जत्रा. शेवटी आमचे भजनाचे बुवा म्हणाले, तुला दोन हाताचं शिकायचंय ना, मग त्या मास्तरांकडे जा, ते संगीत नाटकांना ऑर्गनवर साथ करायचे, त्यांच्या घरी अजून पायपेटी आहे.

तुमच्या माजघरात ती पायपेटी पहिल्यांदा बघितली ना, वर मच्छरदाणी घातलेली, आत डांबरगोळ्या, आणि पावसाची ओल धरू नये म्हणून मागच्या बाजूला एक बल्ब चोवीस तास पेटलेला. सुरांच्या पत्त्या गंजतात म्हणालात खाऱ्या हवेने, बायकोपेक्षा जास्त जपावं लागतं. (काकू आतून काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाय.) मग खुर्चीत बसलात, खुंट्या ओढल्यात, पाय पायट्यांवर, आणि दोन्ही हात मोकळे! मी पेटीवाला माणूस, मला ते बघूनच कसंतरी झालं. हवा पायाने, आवाज लहान-मोठा गुडघ्याच्या पट्टीने, आणि डावा हात चक्क वाजवतोय.

मी फोनवर गाणं लावलं. मला वाटलं होतं दोन मिनिटांत म्हणाल हा काय गोंगाट. तुम्ही डोळे मिटून अख्खी सात मिनिटं ऐकलंत, मग म्हणालात, "परत लाव, मधला भाग." मधला भाग म्हंजे ते लांबलचक वाजवणं, आधी ऑर्गन एकटा, मग गिटार. तुम्ही पायपेटीवर पांढरी सहा (इंग्रजीतला ए) दाबलीत, मग सात (बी), परत सहा, परत सात. "चार मात्रा सा, चार मात्रा रे. बाकी काय नाय यात. ग कोमल, नि कोमल, धैवत शुद्ध. अरे हा काफी आहे मेल्या, काफी थाट!"

मी घरी येऊन सूर मांडून बघितले. ए मायनर, बी मायनर, ए मायनर, बी मायनर, आणि त्या दोन कॉर्डचे सगळे सूर काफीतलेच, म्हंजे आपल्या रागदारीतल्या त्या थाटातलेच. इतकी वर्षं मी ते गाणं ऐकतोय, इंटरनेटवर लोकं त्याच्यावर इंग्रजीत कायकाय लिहितात, डोरियन मोड वगैरे, आणि तुम्ही एकदा ऐकून एका शब्दात सांगितलंत. अंतऱ्याला तर तुम्ही अजून खूश झालात, कारण तिथे ए मायनर वरून एफ शार्प मायनरला जातं, म्हंजे आधी कोमल ग आणि लगेच पुढे शुद्ध ग. "दोन्ही गंधार लावतो बघ लबाड. जोग राग नव्हे हो, पण लावतो." सुरुवातीच्या त्या गोल गोल फिरणाऱ्या तुकड्याला मात्र तोंड वाकडं केलंत, जी, डी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट आणि धाडकन ए. म्हणालात, "याचा सा कुठाय ते यालाच माहीत नाय." मला तो तुकडा फार आवडतो मास्तर, तिथे आपलं जमणार नाय.

मी सांगितलं की त्यांचा गिटारवाला आणि ड्रमवाला लॉस एंजेलिसला पंडित रविशंकरांच्या किन्नर शाळेत जायचे, आणि मधल्या भागाची कल्पना ते जॉन कोल्ट्रेन नावाच्या सॅक्सोफोनवाल्याकडून घेतली असं स्वतःच सांगायचे. तुम्ही फक्त "हं" केलंत. मग व्हॉक्सचा फोटो दाखवला, त्यात रंग उलटे असतात, आपल्या पांढऱ्या पट्ट्या तिथे काळ्या आणि काळ्या पांढऱ्या, तर किती वेळ हसत होतात! "म्हंजे याची पांढरी सहा काळी! गाणाऱ्याने पट्टी सांगायची कशी?"

पण खरं काम झालं ते पुढच्या गुरुवारी. मी म्हटलं मास्तर, डाव्या हाताकडे लक्ष दिलं की उजवा चुकतो, उजव्याकडे दिलं की डावा. तुम्ही म्हणालात, तू चुकीचं समजतोयस, डावा हात साथ करत नाय, डावा हात लेहरा धरतोय. तबलजी सोलो वाजवतो तेव्हा पेटीवाला काय करतो? एकच ओळ, तीच, परत परत, समेवर समेवर, तिकडे तबलजी आकाश पाताळ एक करो. पेटीवाल्याने तबल्यात रस घेतला की मेला. "डावा पेटीवाला, उजवा तबलजी. दोघांनी एकमेकांच्या भानगडीत पडायचं नाय."

हे वाक्य मी कीबोर्डच्या मागे चिकटवलंय.

आणि मग तुमची ती पद्धत. डावा हात लेहऱ्यावर, उजव्या हातात चहाचा कप. चहा प्यायचा, लेहरा थांबता कामा नये. पहिल्या दिवशी अर्धा चहा शर्टवर. दुसऱ्या आठवड्यात चहासोबत खारी दिलीत, बुडवून खायची, आणि ती बुडवताना मोडली तरी हात थांबवायचा नाय. मग बोलायला लावलंत. यंदा मोहोर कसाय, पेटीचा भाव काय निघेल (आंब्याची पेटी हो, आपली नव्हे), बंदरावर बांगडा आला का, आणि मी उत्तर देताना जरा लेहरा हलला की तुम्ही खुर्चीच्या हातावर टिचकी मारायचात. ओरडला नाहीत कधी. ती टिचकी पुरायची. मी हिशोब केला होता, रेकॉर्डसारखं पूर्ण वाजवायचं तर ते आठ मात्रांचं आवर्तन साठ-सत्तर वेळा येतं. तुमच्याकडे मी ते किती हजार वेळा वाजवलं असेल देव जाणे.

मधे लाईट जायची. ऑगस्टमध्ये तर रोजचंच. तो मागचा बल्ब विझला की काकू मेणबत्ती आणायच्या आणि तुम्ही म्हणायचात, थांबलास का, याला कुठे लाईट लागते? पायाने हवा मारत अंधारात तेच सा आणि रे, बाहेर पागोळ्या, आणि तुम्ही वरच्या सप्तकात उजव्या हाताने हळूच काहीतरी नाट्यपदाचं टाकायचात माझ्या लेहऱ्यावर. खरं सांगू? कार्यक्रमापेक्षा मला तेच जास्त आठवतं.

फी घेतली नाहीत. पाकीट ठेवलं तर नातीकरवी परत पाठवलंत. "लेहऱ्याचे पैसे कधी घेतले नाहीत, तबलजी चहा पाजायचा." इथे तर चहा पण तुमचाच होता! शिवाय त्यातच तुमचं ते आवडतं भांडण, की रेडिओने १९४० पासून तीस वर्षं पेटीला दारात उभं केलं नाय, आणि बघ आता साहेबाचा पोरगा पेटीच्याच भावंडावर जगभर नाव काढतो. ते गाणं जुलै १९६७ मध्ये अमेरिकेत एक नंबरवर होतं असं सांगितलं तेव्हा तुम्ही काकूंना हाक मारून ऐकवलंत, जणू घरातलंच कोणी पास झालंय.

आता कार्यक्रम. तुम्ही होतात, मफलर गुंडाळून दुसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत, पण स्टेजवर काय झालं ते तुम्हाला दिसलं नसणार. आरे-वारेच्या अलीकडे त्या होमस्टेच्या अंगणात, समोर समुद्र, पाठीमागे जनरेटर. सुरुवातीचा तुकडा नीट गेला. गाणं झालं, मधला भाग सुरू झाला, आणि माझ्या बाजूचा मॉनिटर, म्हंजे आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, बंद पडला. साउंडवाला तिकडे वडापाव खात होता. मला माझा बास ऐकूच येईना. उजवा हात थोडाफार समोरच्या स्पीकरमधून येत होता, डावा शून्य. खाली बघितलं तर बोटं हलतायत पण आवाज नाही, म्हंजे वाजतंय का नाय, लयीत आहे का नाय, काही कळायला मार्ग नाही. त्यात पुढे बसलेला एकजण ओरडतोय, ओ, कोळीगीत लावा!

आधीचा मी असतो तर तिथेच थांबलो असतो. घशाला कोरड पडली होती. आणि मला त्या क्षणी, आता हसाल तुम्ही, खारीची आठवण झाली. मी डाव्या हाताकडे बघायचंच सोडून दिलं. ड्रमवाल्याकडे बघितलं, तो मान हलवत होता, बरोबर समेवर. म्हंजे त्याला ऐकू येत होतं. मग म्हटलं पेटीवाला बसलाय त्याच्या जागेवर, आपण तबलजी. आणि मी उजव्या हाताने जे काय वाजवलं ते आधी ठरवलेलं नव्हतं, कुठूनतरी काफीतलं एक भजन पण त्यात घुसलं, बुवांनी ते ओळखलं असं नंतर कळलं. गिटारवाल्याने त्याची पाळी आल्यावर ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ घेतला. मी एरवी शिव्या घातल्या असत्या. त्या रात्री घेऊ दे म्हटलं. डावा हात आपला चाललाय, सा, रे, सा, रे.

लोकं म्हणतात अमुक काम म्हंजे माझ्या डाव्या हातचा मळ. माझ्या डाव्या हातावर वीस वर्षं फक्त भात्याचा घट्टा होता, मास्तर.

टाळ्या पडल्या, ठीकच पडल्या. सगळ्यांना काय ते कळलं असं नाय, त्यानंतर कोळीगीत झालं त्याला जास्त पडल्या. खाली उतरलो तर तुम्ही उठून निघायच्या बेतात, थंडी वाजत होती तुम्हाला. मला वाटलं काहीतरी बोलाल. तुम्ही खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "शेवटी लय वाढवलीस."

वाढली होती. नंतर मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं, चांगलीच वाढली होती, ड्रमवाला शपथा घेतोय की त्याची चूक नाय.

तर आभार. भात्याचं चामडं कसरीने खाल्लंय म्हणत होतात ना, एका बाजूने हवा जाते, ते मुंबईहून मागवलंय, आठवड्याभरात येईल. पैशाचं काढू नका, परत पाठवलेलं ते पाकीट अजून तसंच आहे माझ्याकडे. चिकटवायला गुरुवारी येतो, बुवा पण येतायत मदतीला. आणि ती लय कुठे सुटते ते एकदा बसून बघू, काकूंना खारी आणू नका म्हणावं, मी घेऊन येतोय.

तुमचा,
पेटीवाला